दोन कप्प्यांचं गाव

देवासला एकेकाळी दोन राजे होते. १७२८ साली तुकोजी आणि जिवाजी या पवार भावांनी इथे बस्तान बसवलं, आणि पुढे एकाच गावात दोन राज्यं नांदू लागली. एक थोरली पाती, एक धाकटी पाती. रस्त्याच्या या बाजूला एकाची हद्द, त्या बाजूला दुसऱ्याची. दरबार वेगळे, कारभारी वेगळे. १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून राहिलेल्या ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराने ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात या अजब व्यवस्थेची हकीकत सांगितली आहे. माणसं मात्र या हद्दीतून त्या हद्दीत दिवसभर ये-जा करत. भाजी इकडे घ्यायची, पाहुण्याला भेटायला तिकडे जायचं.

फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला ‘टू कंपार्टमेंट मॉडेल’ शिकवायची वेळ आली की मी फळ्यावर आधी देवास काढतो. औषध रक्तात शिरतं, ती थोरली पाती. तिथून काही भाग स्नायूंत, चरबीत, कानाच्या आतल्या द्रवात जातो, ती धाकटी पाती. ये-जा दोन्ही बाजूंनी चालते, पण दोन्हीकडचा वेग सारखा नसतो. शिवाय गावाबाहेर जायची वेस एकाच पातीत आहे. धाकटीतल्या माणसाला गाव सोडायचं तर थोरलीतून जावं लागतं. एवढं समजलं की पुढची समीकरणं रडवत नाहीत. निदान कमी रडवतात.

धार, देवास, इंदूर या पट्ट्यात फार्मसी शिकणारी मुलं थोडीथोडकी नाहीत, कारण कामाच्या जागा जवळ आहेत. धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला औषधकंपन्यांचे कारखाने आहेत, देवासच्या औद्योगिक वसाहतीतही आहेत. बी.फार्म.च्या सहाव्या सत्रात या मुलांसमोर दोन विषय शेजारी-शेजारी येतात. बीपी ६०४ म्हणजे बायोफार्मास्युटिक्स आणि फार्माकोकायनेटिक्स, बीपी ६०५ म्हणजे फार्मास्युटिकल बायोटेक्नॉलॉजी. प्रत्येकी ४५ तास. पहिला विषय शरीर औषधाचं काय करतं ते सांगतो, दुसरा सांगतो की जिवाणू, पेशी आणि जनुकं यांच्याकडून औषध कसं करवून घ्यायचं. शेजारी असूनही या दोघांची ओळख कुणी करून देत नाही. आणि गंमत अशी की दोन्हींना प्रात्यक्षिक नाही. त्या सत्रात प्रयोगशाळेतले तास औषधी रसायनशास्त्राला, फार्माकोलॉजीला आणि वनौषधींना आहेत. शरीरातून औषधाचा निचरा कसा होतो आणि जिवाणू औषध कसं बनवतात, हे मात्र खडू-फळ्यावर आणि ब्रह्मणकर-जयस्वालांच्या जाडजूड पुस्तकातून उरकायचं. पुस्तक उत्तम आहे. पण पोहणं पुस्तकातून शिकवावं तसा हा प्रकार आहे.

म्हणून मी दोन्ही विषय एका कुपीत घालतो. कुपी स्ट्रेप्टोमायसिनची.

देवासच्या वर्गात हे औषध निवडायला कारण आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीला १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली, म्हणजे आपले कुमार गंधर्व, मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकून ऐन पंचविशीच्या आत नावारूपाला आले होते. १९४७ मध्ये भानुमतींशी लग्न झालं आणि पाठोपाठ क्षयाचं निदान. कोरडी हवा मानवेल म्हणून १९४८ मध्ये ते देवासला आले. गाणं बंद. पडल्या-पडल्या कानावर येत होती ती मालव्याच्या बायकांची लोकगीतं. ती त्यांनी कशी टिपली आणि त्यातून पुढे काय उभं केलं, ते मराठी वाचकाला मी सांगायला नको. १९५२ च्या सुमारास त्यांना स्ट्रेप्टोमायसिन मिळालं. भानुमतींची शुश्रूषा होतीच. एक फुप्फुस निकामी झालं, पण १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत बसले आणि १९९२ पर्यंत गात राहिले.

मुलांना १९५३ हे साल लक्षात ठेवायला सांगतो. त्याच वर्षी फॉर्स्टरचं देवासवरचं पुस्तक निघालं. त्याच वर्षी जर्मनीत फ्रीड्रिख हार्टमुट डोस्ट या बालरोगतज्ज्ञाने रक्तातल्या औषधपातळीवर ग्रंथ लिहिला आणि ‘फार्माकोकायनेटिक्स’ हा शब्द रूढ केला. स्वीडनच्या टॉर्स्टन टेओरेलने त्याआधीच, १९३७ साली, शरीराचे कप्पे कल्पून गणित मांडलं होतं, पण शास्त्राचं बारसं डोस्टचं. तीन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. लक्षात राहायला मात्र बऱ्या.

आता कुपी उघडू. आधी ६०५.

पहिल्या पावसाचा जो मातीचा वास आपल्याला वेडं करतो, तो मुख्यतः जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो, आणि ते बनवण्यात स्ट्रेप्टोमायसिस कुळातले मातीतले जिवाणू आघाडीवर असतात. हे कूळ मोठं उद्योगी आहे. बुरशीसारखे तंतू पसरतं, बीजाणू धरतं आणि शेजाऱ्यांना हुसकावायला रसायनं सोडतं. १९४३ मध्ये अमेरिकेत रटगर्स इथे सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या तरुण विद्यार्थ्याने या कुळातल्या ग्रिसियस नावाच्या जातीचे दोन वाण वेगळे केले. एक भरपूर शेणखत घातलेल्या जमिनीतून, दुसरा कोंबडीच्या घशातून. त्यांनी सोडलेलं रसायन क्षयाच्या जंतूला मारत होतं. पुढे श्रेयावरून गुरू-शिष्य कोर्टात गेले, तडजोडीत शॅट्झला सहसंशोधक म्हणून मान्यता मिळाली, पण १९५२ चं नोबेल एकट्या वॅक्समनना. ही गोष्ट सांगितली की वर्गातल्या मुलांच्या नजरा आपापल्या प्रोजेक्ट गाइडकडे वळतात.

जिवाणू सापडणं सोपं, त्याच्याकडून मणावारी काम करवून घेणं अवघड. मोठमोठ्या टाक्या हव्यात, त्यांत निर्जंतुक हवा सतत घुसळायला हवी, तापमान सांभाळायला हवं, आणि पोटाला स्वस्त पण पोषक खाणं हवं. स्ट्रेप्टोमायसिनसाठी सुरुवातीच्या काळापासून जे खाद्य वापरात आलं, ते ग्लुकोज आणि सोयाबीनची पेंड. हे ऐकलं की मागच्या बाकावरची शेतकऱ्यांची पोरं सरसावून बसतात. मालव्याचं काळं रान म्हणजे सोयाबीनचं रान. सोयाबीनवर संशोधन करणारी देशाची संस्थाही इथेच इंदूरला आहे. घरी म्हशीपुढे टाकतात ती पेंड जिवाणूपुढे टाकली की तो औषध देतो, यात बायोटेक्नॉलॉजीचा निम्मा भाग आला. आपल्याकडे हे काम १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने अंगावर घेतलं. आधी पेनिसिलिन, पुढे स्ट्रेप्टोमायसिन. तिथल्याच मातीतल्या एका स्ट्रेप्टोमायसिसचं नाव ‘पिंप्रिना’ ठेवलं गेलं, आणि त्याच्यापासून मिळालेल्या बुरशीनाशकाचं नाव हॅमायसिन. त्यातला ‘हॅ’ कंपनीच्या आद्याक्षरांचा. गावाचं नाव जंतूच्या नावात जाणं हा बहुमान पिंपरीकरांनी फारसा मिरवलेला दिसत नाही.

प्रात्यक्षिक नाही म्हणून हात बांधून बसायचं कारण नाही. शेतातली चिमूटभर काळी माती वाळवावी, पाण्यात कालवून पातळ-पातळ करत न्यावी, आणि स्टार्च-केसिन आगरच्या ताटलीवर एक थेंब पसरावा. ऑटोक्लेव्ह नसेल तर प्रेशर कुकर चालतो. आठवडाभरात खडूची भुकटी सांडल्यासारख्या कोरड्या, पांढुरक्या-राखाडी वसाहती दिसतात. झाकण किंचित उचलताच येतो तो पहिल्या पावसाचा वास. एका महाविद्यालयात मला चकचकीत फर्मेंटर दाखवला होता. प्लॅस्टिकचं वेष्टण तसंच होतं. ते तपासणीच्या दिवशी काढतात असं कळलं. त्यापेक्षा कुकर बरा.

आता ६०४, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

हे औषध गोळी म्हणून दिलं तर जवळपास सगळं विष्ठेवाटे निघून जातं. स्ट्रेप्टोमायसिनच्या रेणूवर धन विद्युतभार इतके असतात की आतड्याचं स्निग्ध अस्तर त्याला दारातच अडवतं. म्हणून कुल्ल्यात सुई. तासाभरात रक्तातली पातळी शिगेला पोचते. तिथून ते पेशींबाहेरच्या पाण्यात पसरतं, पेशींच्या आत फारसं शिरत नाही. यकृत त्याच्या वाटेला जात नाही. मूत्रपिंडं ते जसंच्या तसं गाळून बाहेर टाकतात. निरोगी तरुणात त्याचं अर्धायुष्य, म्हणजे पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ, २ ते ३ तास.

हे दाखवायला १० लिटरची बादली लागते. पाण्यात शाई घाला. दर मिनिटाला तांब्याने १ लिटर गढूळ पाणी काढा आणि १ लिटर स्वच्छ पाणी ओता. पहिल्या खेपेला दहावा हिस्सा शाई जाते. दुसऱ्या खेपेलाही दहावाच हिस्सा, पण उरलेल्याचा. सहाव्या खेपेनंतर ५३ टक्के शाई उरते, सातव्यानंतर ४८. म्हणजे अर्धायुष्य साडेसहा मिनिटांच्या आसपास. निचरा मिनिटाला १ लिटर, व्याप १० लिटर, आणि अर्धायुष्य या दोघांच्या भांडणातून ठरतं. बादली मोठी केली की वाढतं, तांब्या मोठा केला की घटतं. वर्षभर घोकलेलं सूत्र मुलांच्या ओल्या हातांना पटतं.

मग ताज्या शाईच्या बादलीत मूठभर सक्रिय कोळसा टाकायचा आणि ढवळायचं. शाई कोळशाला चिकटते आणि पाण्याचा रंग फिका पडतो. तो चौथाईवर आला असं धरू. शाई किती घातली ते माहीत आहे, पाण्यातला रंग समोर आहे. भागाकार केला तर बादली निघते ४० लिटरची! एकदा एक मुलगी ओरडली होती, “सर, ये तो बाल्टी से बड़ी बाल्टी हो गई!” बरोबर ओरडली होती. हाच तो ‘व्हॉल्यूम ऑफ डिस्ट्रिब्यूशन’, ज्याला मी नुसतं ‘व्याप’ म्हणतो. स्ट्रेप्टोमायसिनचा व्याप पेशींबाहेरच्या पाण्याएवढाच, १५ लिटरच्या घरातला. मलेरियाच्या क्लोरोक्विनचा किलोमागे २०० लिटर किंवा त्याहूनही जास्त. ५० किलोच्या माणसात १०,००० लिटर, म्हणजे टँकरभर. ऊतींना घट्ट चिकटून बसल्यामुळे रक्तात त्याचा अंश तेवढा दिसतो. म्हणूनच क्लोरोक्विन शरीरातून पुरतं जायला महिने लागतात. टँकरची उपमा देवासच्या मुलांना समजावून सांगावी लागत नाही.

सुईकडे परत येऊ. अर्धायुष्य ३ तास धरलं तर २४ तासांत ८ अर्धायुष्यं होतात आणि १ भागाचा २५६वा भाग उरतो. मग रोज एकच सुई कशी पुरते? १९४८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलेल्या सुप्रसिद्ध चाचणीत दिवसाला २ ग्रॅम औषध चार वेळा विभागून देत होते. औषध इतकं तुटपुंजं होतं की १०७ रुग्णांपैकी कुणाला द्यायचं ते यादृच्छिक पद्धतीने ठरवावं लागलं. सहा महिन्यांत औषधवाल्या ५५ पैकी ४ दगावले, नुसत्या विश्रांतीवाल्या ५२ पैकी १४. पुढे कळलं की दर सहा तासांनी टोचायची गरज नाही. क्षयाचा जंतू भलता आळशी. त्याला एकाचे दोन व्हायला जवळजवळ दिवस लागतो. एकदा जोरदार तडाखा बसला की तो लवकर सावरत नाही. औषध किती वेळा द्यायचं हे फक्त अर्धायुष्यावरून ठरवू नये, ही गोष्ट परीक्षेत कुणी विचारत नाही आणि दवाखान्यात रोज लागते.

आता तांब्या लहान झाला तर काय होतं ते पाहा. मूत्रपिंडं थकली आणि अर्धायुष्य ६० तासांवर गेलं. अशा माणसात २४ तासांनी ७६ टक्के औषध शिल्लक असतं आणि त्यावर दुसरी सुई पडते, मग तिसरी. साठत-साठत पातळी पहिल्या दिवसाच्या सुमारे चौपट होऊन स्थिरावते. मात्रा तीच, कुपी तीच.

हे साठणं घातक ठरतं ते कानात. आतल्या कानाच्या द्रवात औषध सावकाश शिरतं आणि त्याहून सावकाश बाहेर पडतं. रक्तातून औषध गेलं तरी कानात ते मुक्काम ठोकून असतं. ही आपली धाकटी पाती. रक्ताचा अहवाल थोरल्या पातीची खबर देतो, धाकटीत काय चाललंय ते तिथे कळत नाही. स्ट्रेप्टोमायसिनने तोल जातो, चक्कर येते, कानात घणघण सुरू होते, काहींचं ऐकू येणं कायमचं जातं. १९४५ पर्यंत डॉक्टरांच्या हे ध्यानात आलं होतं. ज्या औषधाने एका गवयाला फुप्फुसाच्या दुखण्यातून उठवलं, ते कान मागू शकणारं औषध होतं. वर्गात हे वाक्य म्हटल्यावर मी थोडा वेळ काही बोलत नाही.

आणि इथे ६०५ परत दारात येतो. एकाच मात्रेने एकाचा कान जातो आणि दुसऱ्याचा शाबूत राहतो, तो का? १९९३ मध्ये उलगडा झाला की काही घराण्यांत पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत १५५५व्या जागी एक अक्षर बदललेलं असतं. ॲडेनिनच्या जागी ग्वानिन. त्या बदलामुळे मायटोकॉन्ड्रियाचं प्रथिनं जोडणारं यंत्र जिवाणूच्या यंत्रासारखं दिसू लागतं, आणि औषध आपला-परका ओळखण्यात चुकतं. मायटोकॉन्ड्रिया आईकडून येतात, म्हणून ‘मामाला किंवा मावशीला इंजेक्शनानंतर बहिरेपण आलं होतं का’ हा प्रश्न फुकटातली जनुकीय तपासणी आहे. खात्री करायची तर गालाच्या आतून काडी फिरवून पीसीआर करता येतो. ज्या पीसीआरच्या पायऱ्या मुलं ‘पाच गुणांसाठी’ पाठ करतात, तोच हा.

क्षयावरच्याच आयसोनियाझिड या औषधाची गोष्ट अशीच. यकृतातलं एक विकर ते निकामी करतं. ज्यांचं विकर चपळ, त्यांच्यात अर्धायुष्य तासाभराचं. ज्यांचं मंद, त्यांच्यात तिपटीच्या आसपास. भारतीयांत निम्म्याहून अधिक मंद. पुस्तकातल्या आलेखात मात्र सगळ्यांची रेघ एकच असते.

आलेखांवरून आठवलं. देवासमध्ये फार्मसी शिकणाऱ्या मुलांना हे सांगायलाच हवं. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी रॅनबॅक्सीच्या देवास आणि पाँवटा साहिब इथल्या कारखान्यांतून जाणाऱ्या तीसहून अधिक औषधांची आयात रोखली. मे २०१३ मध्ये कंपनीच्या अमेरिकी शाखेने या दोन कारखान्यांतल्या निकृष्ट उत्पादनाबद्दल आणि नियामकांना खोटी माहिती दिल्याबद्दल गुन्हा कबूल केला. दंड आणि भरपाई मिळून ५० कोटी डॉलर. जेनेरिक औषधांचा सगळा व्यवहार कंपनीने दिलेल्या आकड्यांवर चालतो. आमची गोळी मूळ गोळीइतकीच रक्तात उतरते, इतकी महिने ती तशीच टिकते, असं कागद सांगतो आणि नियंत्रक त्यावर शिक्का मारतो. बायोइक्विव्हॅलन्सचा धडा मी या बातमीशिवाय शिकवत नाही. कुणाला तो देवासचा अपमान वाटतो. मला वाटतं, याच गावातल्या मुलांनी तो सर्वांत आधी शिकावा.

शेवटचा तास धारचा. जिल्ह्यातली निम्म्याहून अधिक वस्ती आदिवासी, त्यात भिल आणि भिलाला मोठ्या संख्येने. पाठ्यपुस्तकातला माणूस ७० किलोचा असतो. धारच्या एखाद्या आरोग्य केंद्रात क्षयाचा रुग्ण ३६ किलोचाही येतो. सरकारी कार्यक्रमात आता स्ट्रेप्टोमायसिन नेहमीच्या उपचारात नाही. पहिले दोन महिने चार औषधं एकत्र असलेल्या गोळ्या, त्या वजनाच्या गटाप्रमाणे. २५ ते ३४ किलोला २ गोळ्या, ३५ ते ४९ ला ३, ५० ते ६४ ला ४. एका गोळीत रिफॅम्पिसिन १५० मिलिग्रॅम. मुलांना हिशेब करायला लावतो. ३४ किलोच्या माणसाला किलोमागे ८.८ मिलिग्रॅम पडतं, ३५ किलोच्याला १२.९. एका किलोच्या फरकाने मात्रा दीडपट. गट म्हटले की कडा आल्या, त्याला इलाज नाही. पण त्या कडेवर उभा असलेला माणूस कुठल्या बाजूला मोजला जातो, हे केंद्रातल्या वजनकाट्यावर ठरतं. उपचार लागू पडून वजन वाढलं आणि त्याने गटाची सीमा ओलांडली, की गोळ्याही बदलायच्या असतात. त्यासाठी पुन्हा काट्यावर उभं करायला हवं.

तेव्हा सहाव्या सत्रातल्या मुलांनो, आरोग्य केंद्रात गेलात तर औषधाच्या कपाटाकडे नंतर जा. आधी वजनकाटा पाहा. त्यावर कुणी नसताना काटा शून्यावर येतो का, ते बघून या.